चढती ओळ

सकाळी नाश्त्याच्या वेळी टूरवाल्यानं हातातली निळी झेंडी टेबलावर आडवी ठेवली आणि जाहीर केलं, "आजचा दिवस मोकळा. खरेदी करा, झोपा काढा, काय वाटेल ते करा. संध्याकाळी सहाला बस सुटणार म्हणजे सुटणार. जो येणार नाही त्याला इथलीच सोयरीक बघून देऊ."

अठ्ठावीस ज्येष्ठ नागरिकांचा घोळका खो खो हसला. हसले नाहीत ते एकटे अण्णा. खरं तर आठ दिवसांत त्यांनी दोन किल्ले, एक सरोवर आणि एक धबधबा केवळ उपचार म्हणून पाहिला होता. टूरमध्ये नाव नोंदवलं होतं तेच मुळी पत्रकात या शहरापुढे 'मोकळा दिवस' असे दोन शब्द छापलेले दिसले म्हणून. कारण या शहरात त्यांचा धाकटा भाऊ होता. चाळीस वर्षं. कुठल्या रस्त्याला, कुठल्या घरात, देव जाणे. त्याला आज शोधायचं होतं आणि सांगायचं होतं, चुकलं माझं. दोनच शब्द. पण चाळीस वर्षं घशात अडकले की दोन शब्दही हाडासारखे टोचतात.

"अण्णा, चला की आमच्याबरोबर," ग्रुपमधल्या रिटायर झालेल्या हेडबाई म्हणाल्या. "एकटे कुठे भटकणार? इथं कोण ओळखतं तुम्हाला?"

"एक जण ओळखतो," अण्णा म्हणाले आणि पिशवी खांद्याला अडकवून बाहेर पडले.

अण्णांचं घराणं पेंटरांचं. वडील दुकानांचे बोर्ड रंगवायचे आणि दोन्ही मुलं त्यांच्या हाताखाली तयार झाली. वडिलांची एक रीत होती. रंग नीट पातळ झालाय का ते बघायला पहिल्या अक्षराआधी कुंचला बोर्डाच्या चौकटीच्या बाजूला, जाडीवर, तीनदा ओढायचा. तीन छोट्या रेघा. समोरून दिसत नाहीत, गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. "तोंड गिऱ्हाइकाचं, बाजू आपली," असं वडील म्हणत. अण्णा त्या उजव्या बाजूला ओढत. धाकटा डावखुरा, त्याच्या रेघा डाव्या बाजूला.

डावखुऱ्यानं बोर्ड रंगवायचा म्हणजे त्याचा हात ओल्या अक्षरांवरूनच पुढे सरकणार. ती पुसली जाऊ नयेत म्हणून धाकटा मनगट उचलून धरी, आणि मनगट उचललं की ओळ उजवीकडे वर चढे. फार नाही, बोटभर. अण्णांनी त्याला खडूच्या दोरीनं सूत मारून दिलं, हात टेकवायला काठी दिली, डोक्यात टपल्या दिल्या. पालथ्या घड्यावर पाणी. त्यात आणखी एक खोड. रेघ ओढताना तो श्वास कोंडून धरी आणि रेघ संपली की श्वासाबरोबर शब्द सोडी. "हळूऽ." "झालंऽ." शब्दाचं शेपूट हवेत लोंबकळत राही. आई म्हणे, हा बोलतो की उसासे टाकतो?

वडील गेल्यावर पहिलंच मोठं काम आलं ते दवाखान्याच्या बोर्डाचं. खाली लावायची वेळेची ओळ धाकट्यानं वेगळ्या लहान पत्र्यावर लिहिली होती: 'वेळ सकाळी ९ ते १२. रविवारी बंद.' डॉक्टर बघायला बाहेर आले, मान तिरकी करून म्हणाले, "ओळ जरा चढलीय का हो?" झालं! नव्या नव्या मालकीची घमेंड होती अण्णांना. त्यांनी टर्पेंटाइनचं फडकं उचललं आणि सबंध ओळ फर्रकन पुसून टाकली. वर म्हणाले, "याच्यापेक्षा कोंबडीनं बरं लिहिलं असतं." डॉक्टर हसले, कंपाउंडर हसला, बाकावरचे पाच-सहा आजारीसुद्धा हसले. धाकटा तेवढा हसला नाही. दिवेलागणीला घरातून गेला तो तोच पुसलेला पत्रा चौकटीसकट काखोटीला मारून. अण्णांना वाटलं, भूक लागली की येईल.

मग वर्षाकाठी एक पत्र येऊ लागलं, आईच्या नावानं. पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, नुसता या शहराचा शिक्का. 'इथे एकेका पाटीवर चार चार भाषा असतात, आई. मला एकही नीट येत नाही, पण चारही लिहितो.' एकदा शिडीवर उभं राहून काढलेला फोटो आला. आईनं जाताना अण्णांचं मनगट धरलं होतं. "त्याला शोध. चुकलं म्हण. तुझी जीभ झिजणार नाही." आई गेली, पण ते कळवणार कुठं? त्यामुळे पत्रं आईच्याच नावानं येत राहिली. अण्णा ती फोडत, वाचत आणि डब्यात ठेवत. त्यांत अण्णांचं नाव कधी नसे. शेवटी फक्त 'घरी सर्वांना नमस्कार' असे. त्या सर्वांत आपणही असू, अशी अण्णा स्वतःची समजूत घालत. गेली दोन वर्षं मात्र पत्रच नव्हतं.

शहर पाट्यांनी गच्च भरलं होतं. दुकानांवर पाट्या, दुकानांच्या आत पाट्या, भिंतींवर, खांबांवर, जिन्यांच्या तोंडाशी. आणि प्रत्येकीवर चार लिप्या, एकीखाली एक. अण्णांना त्यांतलं एकही अक्षर लागेना. सारा जन्म अक्षरांवर काढला, गावातलं पोरगं न् पोरगं त्यांनी रंगवलेल्या बोर्डांवरून वाचायला शिकलं, आणि इथं ते अंगठेबहाद्दर ठरले होते. कुठं आत जायचं, कुठं जायचं नाही, काही कळेना. एका दारावरच्या लाल पाटीकडे कौतुकानं बघत आत शिरले तर रखवालदारानं दंडाला धरून बाहेर काढलं. तो काय म्हणाला तेही कळलं नाही, म्हणजे अपमान झाला तोसुद्धा अर्धवटच.

दहा वाजले तेव्हा अण्णा एका कठड्यावर टेकले. समोरून माणसं बोलत चालली होती, कोणी हसत होतं, कोणी फोनवर खेकसत होतं, आणि त्यातला एक शब्द त्यांच्यासाठी नव्हता. धाकटा एकोणिसाव्या वर्षी या गर्दीत काखेत पत्रा धरून असाच उभा राहिला असेल. त्याच्याशी कोण बोललं असेल? हा प्रश्न चाळीस वर्षांत आपल्याला आज पडावा, याची अण्णांना मनापासून लाज वाटली.

मग त्यांना सुचलं. तोंड वाचता येत नाही ना? बाजू तर वाचता येते!

तेव्हापासून अण्णा पाट्यांसमोर उभे राहायचे सोडून भिंतीला गाल लावून पाट्यांच्या डाव्या बाजूला बघू लागले. दुकानदार आपल्या पाटीची पुढची बाजू चकचकीत ठेवतात. तिच्या कडेला डोळा लावणारा म्हातारा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असणार. एका बाईनं त्यांना पाणी दिलं. एका न्हाव्यानं, म्हातारा लघवीला जागा शोधतोय असं समजून, हाताला धरून मागच्या संडासापर्यंत नेऊन सोडलं. अण्णा निमूट आत जाऊन बाहेर आले. आता एवढ्या प्रेमानं नेलं, तर नाही कसं म्हणायचं?

अकराच्या पुढे, एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या पाटीवर त्या सापडल्या. डाव्या बाजूला, चौकटीच्या जाडीवर, तीन छोट्या रेघा. अण्णांनी त्यांवरून एकेक करून बोट फिरवलं. समोर येऊन पाहिलं. वरच्या तिन्ही ओळी उजवीकडे बोटभर चढलेल्या. चौथी मात्र उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिपीतली होती, आणि ती ताणलेल्या दोरीसारखी सरळ होती. अण्णा बघतच राहिले. त्या लिपीत डावखुऱ्याचा हात ओल्या अक्षरांवर येतच नाही. तो पुढे पुढे कोऱ्या पत्र्यावर चालतो. जगात एक भाषा धाकट्याच्या हातासाठी होती, फक्त ती आमच्या घरात नव्हती. दोष हाताचा नव्हता तर. आणि आपण कोंबडी काढली.

एक सापडल्यावर मग पाट्या दिसायलाच लागल्या. शिंप्याची, खानावळीची, वजनकाट्यांच्या दुकानाची. अण्णा प्रत्येक रेघेवर नख रोवून बघत. ऑइलपेंट जुना झाला की खडू होतो, बोटाला पांढरं लागतं. वर्षाचा असेल तर दगड होतो. ताजा असेल तर महिनाभर तरी नख बसतं. सगळीकडे खडू नाहीतर दगड. पोटात काही नव्हतं, पाय भरून आले होते, आणि दोन वाजून गेले होते.

चष्म्यांच्या एका दुकानाच्या पाटीवर नख बसलं.

अण्णांनी पुन्हा रोवलं. बारीक चंद्रकोर उमटली. महिन्याच्या आतलं काम! म्हणजे धाकटा आहे. धडधाकट आहे, शिडीवर चढतोय. दोन वर्षं पत्र नाही म्हणून मनात नाही नाही ते आलं होतं, पण हा गडी नुसता रुसलेला निघाला! अण्णा भर रस्त्यात एकटेच हसले आणि आत जाऊन काउंटरवर शिडीवाला फोटो ठेवला. पाटीकडे बोट, फोटोकडे बोट, हवेत कुंचला. चष्मेवाला बराच वेळ फोटो बघत राहिला, काहीतरी हळू आवाजात बोलला, मग त्यानं एका कार्डामागे दोन ओळींचा पत्ता लिहून दिला आणि उगाचच अण्णांच्या खांद्यावर थोपटलं. अण्णांना ते मैत्रीचं थोपटणं वाटलं.

पत्ता वाचता येत नव्हता, पण पेंटरला वाचायची गरज काय? त्याला आकार कळतात. पहिलं अक्षर कुबड काढलेल्या म्हातारीसारखं, दुसऱ्याच्या डोक्यावर दोन ठिपके, तिसऱ्याचं पोट सुटलेलं. अण्णा प्रत्येक कोपऱ्यावर थांबून रस्त्याच्या नावाच्या पाटीशी कार्ड ताडून बघत निघाले. म्हातारी आहे पण ठिपके नाहीत, पुढे चला. ठिपके आहेत, पोट नाही, मागे फिरा. एका गल्लीच्या तोंडाशी तिन्ही एका रांगेत भेटली, आणि अण्णांनी त्या पाटीला चक्क नमस्कार केला.

गल्लीच्या टोकाला रंगाचा वास आला. उघडं दार, आत दोन पायऱ्या खाली खोली, भिंतीला टेकवलेल्या पाट्या. घाईत अण्णांचा पाय पायरीवर अडखळला.

"हळूऽ," आतून आवाज आला.

अण्णांनी दाराची चौकट धरली. शब्द त्यांच्या भाषेतला होता. शब्दाचं ते हवेत लोंबकळणारं शेपूट त्यांच्या घरातलं होतं. फक्त आवाज बाईचा होता.

चाळिशीची, रंगानं माखलेला एप्रन घातलेली एक बाई बाकावर पत्रा घेऊन बसली होती. अण्णांनी फोटो पुढे केला. तिनं फोटोकडे पाहिलं, मग अण्णांच्या कपाळाकडे, नाकाकडे, आणि ती चटकन उठून उभी राहिली. एकच नाक होतं दोघा भावांचं, वडिलांचं. तिनं स्टूल पुढे ओढलं, अण्णांना बसवलं, आणि दोन्ही तळवे जोडून त्यांवर गाल टेकवून डोळे मिटले.

"झोपलाय होय?" अण्णा म्हणाले. "झोपू दे, झोपू दे. मी थांबतो. सहापर्यंत वेळ आहे."

खोलीला आतलं एक दार होतं, तिकडे बघत ते बसले. काय बोलायचं ते मनात जुळवलं. आधी आईचं सांगायचं की आधी आपलं? आधी आपलं. नाहीतर आईच्या आड लपल्यासारखं होईल. बाई मात्र तशीच उभी होती. मग तिनं कपाटातून एक डबा आणला आणि त्यातून काढलेला चष्मा अण्णांच्या हातावर ठेवला. काडीला दोरा गुंडाळलेला, काचेवर पांढऱ्या रंगाचा एक शिंतोडा. माणूस झोपला की चष्मा उशाशी असतो. तो असा परक्याच्या हातात कोणी देत नाही. बाईनं दोन बोटं वर केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून हात मागे, मागे, असा हलवला. दोन वर्षं.

"नाही हो," अण्णा म्हणाले. "ते चष्म्याचं दुकान... परवाचं काम आहे ते. नख बसतंय अजून."

तिला काही कळलं नाही. किंवा कळलं असेल. रडणाऱ्याकडे टक लावून बघू नये म्हणून असेल, ती आपल्या कामाकडे वळली. एक कोरी पाटी पुढ्यात घेतली, उजव्या हातात कुंचला धरला, तो रंगात बुडवला आणि छातीसमोरून हात आडवा नेऊन, अवघडून, पाटीच्या डाव्या बाजूला तीन रेघा ओढल्या. उजव्या हाताच्या माणसाला जवळ उजवी बाजू. पण ती तशीच शिकली होती. त्यानं ओढलं तिथं ओढायचं. दिवसभर ज्याच्या मागे धावलो तो भाऊ नव्हता, भावाची सवय होती.

किती वेळ गेला कळलं नाही. बाईनं खांद्याला हात लावला आणि भिंतीवर बोट दाखवलं. तिथं एक जुना, गंजत चाललेला पत्रा टांगला होता. मधोमध पुसल्याचा ढगाळ पट्टा, आणि त्यावर पुन्हा नव्यानं, सुबक अक्षरांत: 'वेळ सकाळी ९ ते १२. रविवारी बंद.' ओळ उजवीकडे बोटभर चढलेली. खाली बाकावर कागदांचा गठ्ठा होता, वेगवेगळ्या हातांनी तीच ओळ गिरवलेला. इथं येणारा प्रत्येक शिकाऊ पहिली ही ओळ गिरवत असणार. बाईनं भुवया उंचावल्या. काय लिहिलंय? तिच्या तोंडावर असा भाव होता की जणू एखादा मंत्रच असावा.

"दवाखान्याची वेळ आहे," अण्णा म्हणाले, आणि त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं. सबंध गल्लीत मराठी वाचणारा एकच माणूस उभा होता, आणि वाचायला मिळालं काय, तर रविवारी बंद.

त्यांना दाखवावं म्हणून बाईनं एका काळ्या पत्र्यावर ती ओळ लिहायला घेतली. श्वास कोंडायची, रेघ संपली की सोडायची. "वरऽ." "पुरेऽ." धाकट्यानं आपले कामाचे शब्द तिला तसेच्या तसे दिले होते. अक्षरं सुरेख येत होती, पण ओळ चढायला लागली. हिच्या हाताला तर काहीच अडचण नव्हती! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही तर मेल्यावरही दुसऱ्याच्या हातात सुखानं नांदत होती. आणि अण्णांची खोड? तीही कुठं गेली होती? डोळ्यांत अजून पाणी असताना त्यांचा हात आपोआप टर्पेंटाइनच्या डब्याकडे गेला, फडकं उचललं आणि ओळीवर आला.

बाईनं मनगट पकडलं. घट्ट.

"पुरेऽ," ती म्हणाली.

फडकं तिनं काढून घेतलं. मग तिनं फोटोकडे बोट केलं, स्टुलावर बसली आणि तो काय करायचा ते करून दाखवलं. कोणा शिकाऊचं काम बघितलं, मान हलवली. फडकं उचललं, पण पत्र्याला लावलं नाही, लिहिणाऱ्याच्याच हातात दिलं, आणि स्टूल फिरवून तोंड भिंतीकडे केलं. तशीच बसून राहिली, पाठ करून. ज्याचं त्यानं पुसायचं, पुसावंसं वाटलं तर. आणि पुसताना कोणी बघायचं नाही. या खोलीत दुसऱ्याचं अक्षर पुसायला बंदी होती. हा नियम कोणी केला आणि कुठल्या दिवशी केला, हे अण्णांना कोणत्याही भाषेत सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी दवाखान्यासमोर ते स्वतःच तर होते.

त्यांनी भिंतीकडे बोट करून खुणेनं तो जुना पत्रा आणि कुंचला मागितला. बाईनं भिंतीवरचा पत्रा उतरवून दिला. डाव्या बाजूला चाळीस वर्षांच्या तीन रेघा होत्या, पार खडू झालेल्या. अण्णांनी उजव्या बाजूला आपल्या तीन ओढल्या आणि दवाखान्याच्या वेळेखाली, एकेक अक्षर तोंडानं म्हणत, लिहिलं: चुकलं माझं. ओळ सरळ आली. तेवढं एक त्यांना आयुष्यभर येत होतं, आणि त्याचा उपयोग आज काहीच नव्हता. ज्यानं वाचायचं तो नव्हता. बाकीच्या शहराला ती चार-सहा वळणं होती.

भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजले. बस दूर होती. बाईनं पत्रा परत खिळ्याला टांगला, दोन पावलं मागे सरून बघितलं, आणि नवी ओळ मिळालेल्या शिकाऊसारखी लगेच खाली बसली. कोरा कागद ओढला. अण्णांनी म्हटलं तसंच म्हणत ती गिरवू लागली. श्वास कोंडला, कुंचला फिरला, ओळ हळूहळू वर चढली, आणि शेवटचं अनुस्वाराचं टिंब ठेवून तिनं श्वास सोडला.

"चुकलं माझंऽ."

अगदी त्याच्यासारखं. तोच उसासा, तेच शेपूट. अण्णांनी डोळे मिटून घेतले. खोलीत रंगाचा वास होता, आणि धाकटा मागे बसून बोलल्यासारखं वाटलं.

"तुझं नाही रे," अण्णा म्हणाले. "माझं."